थोडंसं खाल्लं तर काय होतं? ग्लुटेन, कचोरीची कढई आणि मोजायची सवय



पेटची किंवा नेट-सेटची तयारी करताना 'कन्फाउंडिंग व्हेरिएबल', 'डोस-रिस्पॉन्स', 'सॅम्पलिंग बायस' हे शब्द आपण सगळेच पाठ करतो. व्याख्या लिहिता येते, चार पर्यायांतला बरोबर पर्यायही ओळखता येतो. पण हे शब्द कुणाच्या तरी ताटाशी जोडले गेले की मगच त्यांचा खरा उपयोग कळतो. म्हणून आज एकच प्रश्न घेऊ: ज्याला ग्लुटेन पूर्ण बंद आहे अशा माणसाने जळगाव-धुळ्यात बाहेर, म्हणजे गाडीवर, ढाब्यावर किंवा फास्ट फूडच्या दुकानात, काय आणि कसं खायचं?

हा प्रश्न माझ्याकडे घरातूनच आला. माझ्या मावसबहिणीला सीलिॲक आजार आहे. ती धुळ्यात शिकते, बसने ये-जा करते, मैत्रिणींबरोबर बाहेर जाते. तिला सगळ्यात जास्त ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, "थोडंसं खाल्लं तर काय होतं?" म्हणणारे प्रेमानेच म्हणतात. पण संशोधकाच्या कानाने ऐकलं तर हा फार चांगला प्रश्न आहे. थोडंसं म्हणजे नेमकं किती? आणि काय होतं म्हणजे नेमकं काय?

पोळी लाटता येते, भाकरी थापावी लागते

ग्लुटेन कुठे आहे हे आपल्या आजीला हाताने माहीत होतं. गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रकारची प्रथिनं असतात. पाणी घालून पीठ मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि रबरासारखं जाळं तयार होतं. तेच ग्लुटेन. म्हणून पोळी पातळ लाटता येते, आणि म्हणूनच आपल्याकडची मांड्याची पुरणपोळी हातावर झेलत झेलत खापराएवढी करता येते. ज्वारीत हे जाळं तयार होत नाही. म्हणून भाकरी थापावी लागते आणि कडेला चिरते. कळण्याच्या भाकरीला थोडा चिकटपणा येतो तो उडदामुळे, ग्लुटेनमुळे नाही.

गव्हाच्या ग्लायाडिनसारखीच प्रथिनं जवात म्हणजे बार्लीत आणि राय या धान्यात असतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका, नागली, वरई, राजगिरा, साबुदाणा, डाळी, बेसन यांत ती नसतात.

आता त्रास का होतो ते बघू. ग्लायाडिनमध्ये प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं खूप असतात, आणि प्रोलिनच्या आसपास आपल्या पाचक विकरांची कात्री नीट चालत नाही. 2002 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात 33 अमिनो आम्लांचा एक तुकडा दाखवला गेला, जो पचनातून जवळजवळ अखंड सुटतो. आतड्याच्या भिंतीत गेल्यावर ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर असल्या तुकड्यांत छोटा रासायनिक बदल करतं. ज्यांच्या पेशींवर एचएलए-डीक्यू2 किंवा डीक्यू8 हे रेणू असतात, त्यांच्यात हा बदललेला तुकडा त्या रेणूंवर घट्ट बसतो आणि प्रतिकारशक्ती चवताळते. ती हल्ला करते तो स्वतःच्याच आतड्यावर. अन्नरस शोषणारे बोटांसारखे उंचवटे सपाट होतात. मग लोह शोषलं जात नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही, वजन वाढत नाही, मुलांची उंची खुंटते.

म्हणजे सीलिॲक ही ॲलर्जी नाही, तो ऑटोइम्यून आजार आहे. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा प्रकार, तिथे काही मिनिटांत पित्त उठणं, श्वास लागणं असं होऊ शकतं. आणि एक महत्त्वाची सूचना इथेच देतो: शंका आली म्हणून आधीच गहू बंद करू नका. निदानाची रक्तचाचणी प्रतिपिंडं मोजते. गहू बंद केला की प्रतिपिंडं उतरतात आणि चाचणी खोटं 'नाही' सांगते. आधी डॉक्टर, मग चाचणी, मग पथ्य. हा क्रम उलटा करू नका.

केळ्याने बरं केलं, की पावाने आजारी पाडलं होतं?

आपण जळगावचे, त्यामुळे ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

1924 साली न्यूयॉर्कमधले बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी सीलिॲक झालेल्या दहा मुलांचा अहवाल प्रसिद्ध केला. आठ मुलांना त्यांनी केळ्यांचा भरपूर समावेश असलेला आहार दिला, ती सुधारली. ज्या दोघांवर हा उपचार झाला नव्हता, ती दगावली. त्या काळात या आजाराने मुलं मरत होती आणि डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं. केळ्याचा आहार अनेक वर्षं चालला आणि त्याने जीव वाचवले, यात वाद नाही.

पण निष्कर्ष चुकला होता. हास यांच्या आहारात केळं होतं तसंच पाव, बिस्किटं, बटाटे आणि सगळी तृणधान्यं बंद होती. मुलं सुधारली ती ताटात काय आलं म्हणून नाही, ताटातून काय गेलं म्हणून. हाच आपला कन्फाउंडिंग व्हेरिएबल. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि श्रेय एकीला दिलं.

तुम्ही म्हणाल, मुलं बरी झाली ना, मग कारण चुकलं तर काय बिघडलं? बरंच बिघडलं. केळं हे औषध आहे असं मानलं, की 'बरं' झालेल्या मुलाला पुन्हा पाव द्यायला हरकत वाटत नाही. कारण चुकलं की पुढचा सल्ला चुकतो.

बरोबर कारण शोधलं ते नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. त्यांची गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगतात: 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि सीलिॲकची मुलं चक्क सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. गोष्ट चांगली आहे, पण अर्धी आहे. डिके यांना गव्हाचा संशय युद्धाच्या आधीपासून होता आणि ते गव्हाशिवायचा आहार देऊन बघत होते. शिवाय दुष्काळात फक्त गहू कमी होत नाही, सगळंच कमी होतं. म्हणजे पुन्हा कन्फाउंडिंग! म्हणून त्यांनी पुढे नीट प्रयोग केला. मुलांच्या आहारातला गहू काढायचा, पुन्हा द्यायचा, आणि प्रत्येक वेळी शौचातून किती मेद न शोषता बाहेर पडतो ते मोजायचं. गहू दिला की आकडा वाढायचा, काढला की उतरायचा. हे काम त्यांनी 1950 साली उट्रेख्ट विद्यापीठात सादर केलं, आणि ते काय होतं माहितीये? त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध. सिनॉप्सिस तिसऱ्यांदा परत आला की ही गोष्ट आठवा.

थोडंसं म्हणजे किती? कागद-पेन घ्या

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 2007 मध्ये इटलीतल्या कार्लो कटासी यांच्या गटाने निदान झालेले, पथ्य पाळणारे 49 प्रौढ रुग्ण घेतले. त्यांना 90 दिवस रोज एक कॅप्सूल दिली. काहींच्या कॅप्सूलमध्ये 50 मिलिग्रॅम ग्लुटेन, काहींच्यात 10 मिलिग्रॅम, काहींच्यात शून्य. कुणाला काय मिळतंय ते रुग्णांना माहीत नव्हतं. रोज 50 मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याच्या अस्तराचं नुकसान मोजता आलं. 10 मिलिग्रॅमच्या गटात सरासरी फरक स्पष्ट दिसला नाही, पण त्या गटातल्या एका रुग्णाचा आजार उलटला. सरासरीच्या आड एक माणूस उभा असतो, हे विसरू नका.

आता 50 मिलिग्रॅम म्हणजे काय ते आपल्या भाषेत आणू. मैद्यात प्रथिनं अंदाजे 10 टक्के, त्यातलं सुमारे 80 टक्के ग्लुटेन. म्हणजे 1 ग्रॅम मैद्यात साधारण 80 मिलिग्रॅम ग्लुटेन. मग 50 मिलिग्रॅम म्हणजे 0.6 ग्रॅम मैदा. अक्षरशः एक चिमूट. 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत 2400 मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. त्या पोळीचा पन्नासावा भाग रोज पोटात गेला तरी तीन महिन्यांत नुकसान होऊ शकतं. 'थोडंसं'चं उत्तर हे आहे.

दुसरा आकडा नियमातला. ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर एक किलो पदार्थात 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. हा कोडेक्सचा आंतरराष्ट्रीय निकष आहे आणि आपल्या एफएसएसएआयचाही. यालाच 20 पीपीएम म्हणतात.

इथे विद्यार्थी हमखास गोंधळतात. पीपीएम ही तीव्रता आहे, मिलिग्रॅम ही मात्रा. शरीराला मात्रा कळते.

मात्रा = तीव्रता × खाल्लेलं वजन

80 पीपीएमचे 100 ग्रॅम फ्राइज खाल्ले तर पोटात 8 मिलिग्रॅम जातात. निकषाच्या चौपट तीव्रता, पण वजन कमी. उलट 20 पीपीएमचं पीठ दिवसभरात अर्धा किलो खाल्लं तर 10 मिलिग्रॅम होतात, म्हणजे 'नियमात' बसणाऱ्या पिठातून जास्त मात्रा. म्हणून रोज खाल्ला जाणारा पदार्थ आधी तपासायचा, कधीतरी खाल्ला जाणारा नंतर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ग्लुटेन लपतं कुठे?

कचोरी, सामोसा, पाव, पाणीपुरीची पुरी, शेवया, बट्टी, कुरडई यांत गहू आहे हे सगळ्यांना माहीत असतं. अडचण त्यांची नाहीच. अडचण आहे ती ज्यांच्या घटकांत गहू नाही आणि तरी पोचतो, त्यांची.

*कढई.* ग्लुटेन तेलात विरघळत नाही, पण कचोरीच्या कवचाचा चुरा तेलात तरंगत राहतो. त्याच तेलात बेसनाची भजी पडली की चुरा चिकटतो. "एवढ्या उकळत्या तेलात सगळं जळून जातं" हा समज काढून टाका. तापमानाने जंतू मरतात. ग्लुटेन जिवंत नाही, ते मरणार कसं? उष्णतेने प्रथिनाचा आकार बदलतो, पण प्रतिकारशक्ती ओळखते ती अमिनो आम्लांची ओळ, आणि ती ओळ तशीच राहते. 2021 मध्ये अमेरिकेत दहा उपाहारगृहांतून फ्राइजच्या 20 ऑर्डर घेऊन तपासल्या गेल्या. फ्राइजच्या घटकांत गहू नव्हता, फक्त तेल गव्हाच्या पदार्थांबरोबर सामायिक होतं. 20 पैकी 9 ऑर्डरमध्ये ग्लुटेन सापडलं आणि 5 ऑर्डर 20 पीपीएमच्या निकषात बसल्या नाहीत. काही 80 पीपीएमच्या वर होत्या.

*चायनीजची गाडी.* इथे तीन वाटा आहेत. मंचुरियनच्या गोळ्यात मैदा, पारंपरिक पद्धतीच्या सोया सॉसमध्ये गहू, आणि एकाच कढईत आधी नूडल्स मग फ्राइड राइस. "मला फक्त राइस द्या" म्हणून भागत नाही.

*तवा.* डोशाचं पीठ तांदूळ-उडदाचं. पण कुरकुरीत व्हावा म्हणून काही जण रवा किंवा मैदा घालतात, आणि त्याच तव्यावर लोणी लावून पाव भाजला जातो.

*हिंग.* हा सगळ्यात छुपा. बाजारात मिळणारा बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंग नाही. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल. हिशोब करू. समजा हिंगात निम्मं गव्हाचं पीठ आहे आणि दहा वाट्या डाळीला 1 ग्रॅम हिंग पडला. अर्धा ग्रॅम पीठ म्हणजे 40 मिलिग्रॅम ग्लुटेन, दर वाटीला 4 मिलिग्रॅम. एका वाटीने आभाळ कोसळत नाही, पण डाळ रोजची. याच्याशी तुलना करा: रस्सा दाट करायला चार प्लेट भाजीत एक मोठा चमचा, म्हणजे 8 ग्रॅम मैदा घातला, तर दर प्लेटला 160 मिलिग्रॅम. आधी विचारायचा प्रश्न कोणता, ते आकडे सांगतात.

*गिरणी.* आणि आता ज्यावर आपला सगळ्यात जास्त विश्वास, ती भाकरी. ज्वारीत ग्लुटेन नाही, बरोबर. पण ज्वारी दळली कुठे? समजा गव्हाचं दळण झाल्यावर गिरणीत 50 ग्रॅम कणीक अडकून राहिली आणि पुढे तुमची 5 किलो ज्वारी पडली. 50 ग्रॅम कणीक म्हणजे 4000 मिलिग्रॅम ग्लुटेन, पाच किलोत वाटून जवळपास 800 पीपीएम. निकषाच्या चाळीसपट! 80 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 64 मिलिग्रॅम. म्हणजे घरातली 'सुरक्षित' भाकरी बाहेरच्या फ्राइजपेक्षा आठपट महागात पडू शकते. 50 ग्रॅमचा आकडा मी हिशोबासाठी धरलाय, तुमच्या गिरणीत कमी-जास्त असेल. पण भाकरी रोज दोन वेळा खाल्ली जाते. मावसबहिणीच्या घरी हा हिशोब मांडल्यावर घरघंटी आली, आणि तिच्यात गहू घालायचा नाही असं ठरलं.

ढाब्यावरच्या भाकरीला आणखी एक प्रश्न: परात आणि हात पोळीचेच आहेत का? थापायला सोपं जावं म्हणून ज्वारीत थोडी कणीक मिसळतात का?

32 टक्के! पण कशाचे?

2019 मध्ये एक अभ्यास खूप गाजला. अमेरिकेतल्या लोकांनी खिशात मावणारं ग्लुटेन शोधक यंत्र वापरून उपाहारगृहांतलं 'ग्लुटेन-फ्री' म्हणून दिलेलं अन्न तपासलं. 18 महिने, 804 वापरकर्ते, 5624 चाचण्या. 32 टक्के चाचण्यांत ग्लुटेन सापडलं. पिझ्झा आणि पास्ता यांच्यात तर निम्म्याहून जास्त वेळा.

बातमी झाली: 'दर तीनपैकी एक ग्लुटेन-फ्री पदार्थ खोटा.' आता तुम्ही परीक्षक म्हणून बसा आणि तीन प्रश्न विचारा.

एक, ग्लुटेन सापडलं म्हणजे किती सापडलं? ते यंत्र 20 पीपीएमपेक्षा कमी असलं तरी 'आहे' सांगू शकतं. म्हणजे 32 टक्क्यांतले काही पदार्थ नियमात बसणारे असू शकतात.

दोन, नमुने कुणी निवडले? वापरणाऱ्यांनी. प्रत्येक चाचणीला पैसे पडतात. मग माणूस उकडलेलं अंडं तपासेल, की ज्याचा संशय येतो तो पिझ्झा? हाच सॅम्पलिंग बायस.

तीन, ताटाचा कुठला भाग तपासला? चुरा सगळीकडे सारखा पसरत नाही. एका घासात नसेल, पुढच्यात असेल. म्हणजे चूक दोन्ही दिशांना होऊ शकते.

याचा अर्थ अभ्यास टाकाऊ आहे का? अजिबात नाही. 32 टक्के हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही, पण कुठल्या पदार्थात जास्त धोका, हा क्रम उपयोगी आहे. ज्या पदार्थाची नेहमीची आवृत्ती त्याच भट्टीत, त्याच पाण्यात शिजते, तिथे धोका जास्त. 2020 मधल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासातही हेच दिसलं. गव्हाचा पास्ता उकळलेल्या पाण्यात ग्लुटेन-फ्री पास्ता शिजवला तर तो 20 पीपीएमच्या वर गेला, आणि साध्या पाण्याने धुतल्यावर ग्लुटेन कमी झालं. सामायिक टोस्टरमध्ये भाजलेला पाव मात्र मर्यादेच्या आत राहिला. म्हणजे भीतीची यादी आणि धोक्याची यादी एकच नसते.

विचारायचं कसं? प्रश्नावलीचा धडा इथेच

"भाऊ, यात मैदा नाही ना?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "नाही हो, बिनधास्त खा." दुकानदार खोटं बोलत नाही. प्रश्नातच उत्तर भरलेलं आहे. सर्वेक्षणाच्या भाषेत हा सूचक प्रश्न. त्याऐवजी उघडा प्रश्न विचारा:

- भाऊ, या कढईत सकाळपासून काय काय तळलं?
- रस्सा दाट कशाने केलाय?
- डोशाच्या पिठात काय काय टाकता?
- भाकरीचं पीठ कुठून येतं? परात वेगळी आहे का?
- हिंगाची डबी दाखवता का जरा?

'ग्लुटेन' हा शब्द गाडीवर वापरू नका, तो पोचत नाही. "मला गहू, मैदा, रवा, पाव काहीच चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलंय, चुरासुद्धा लागला तरी त्रास होतो" एवढं पुरे. गर्दीच्या वेळी विचारू नका. संध्याकाळी सात वाजता मिळालेलं उत्तर आणि दुपारी चारला मिळालेलं उत्तर यांत फरक असतो.

मोठ्या साखळी दुकानांत नियमाची मदत होते. एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबलिंग आणि प्रदर्शन नियमांनुसार दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थांतल्या ॲलर्जी देणाऱ्या घटकांची माहिती द्यायची असते, आणि त्यात ग्लुटेन असलेली धान्यं येतात. ती माहिती मागा, तुमचा हक्क आहे. पण लक्षात ठेवा, ती यादी घटकांची असते, कढईची नाही. फ्राइजपुढे गहू लिहिलेला नसला तरी तेलाचा प्रश्न उरतोच.

जळगाव-धुळ्यात काय खाता येईल?

*बहुतेक वेळा निश्चिंत:* केळं. हास साहेबांचं निदान चुकलं तरी केळ्याचं वेष्टन निसर्गाने अचूक केलंय. उकडलेली अंडी सोलून, सालीसकट भाजलेल्या शेंगा, दही, नारळपाणी, उसाचा रस. शेतातली भरीत पार्टी हे तर वरदान: वांगं काट्यांच्या जाळावर भाजलेलं, सोबत कळण्याची भाकरी. फक्त कळणा कुठे दळला ते विचारा आणि पुरीच्या पातेल्यापासून लांब बसा.

*विचारून:* केळीचे वेफर्स. सावदा-फैजपूरकडे रस्त्याकडेला ज्या कढईत फक्त केळीच तळली जातात, ती खरी 'डेडिकेटेड फ्रायर'. परदेशात यासाठी वेगळं दुकान शोधावं लागतं. मसाल्याऐवजी साधे मिठाचे घ्या. इडली घ्या, पण रवा इडली नको, आणि सांबारात हिंग कुठला ते बघा. पोहे चालतील, वर कचोरी कुस्करलेली नको. शेवभाजीत शेव बेसनाची, पण शेवेत दुसरं पीठ नाही ना आणि तर्री कशाने दाट केली हे कळल्याशिवाय नको.

*नकोच:* सामायिक तेलातलं काहीही, चायनीजची गाडी, भेळ (पापडी चुरलेली असते), सातूचं पीठ, बार्लीची बिअर, माल्ट घातलेली पेयं. हॉर्लिक्ससारख्या पेयांत गहू आणि बार्ली दोन्ही असतात.

आणि एक युक्ती, जी मला कुठल्याही परदेशी मार्गदर्शिकेत मिळाली नाही. आपल्याकडे 'उपवासाचं' या शब्दात एक आख्खी नियमावली दडलेली आहे. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, शेंगदाणे, बटाटे. गहू नाही, हिंगही नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे 'उपवासाचं भांडं वेगळं' ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ग्लुटेनचा स्पर्श समजत नाही अशा माणसालाही उपवास मोडणं समजतं. म्हणून एकादशीला किंवा चतुर्थीला साबुदाणा खिचडी मिळते तिथे "उपवासाचंच ना? डाव, पातेलं वेगळं आहे ना?" एवढं विचारलं तरी बरंच काम होतं. अर्थात साबुदाणा वडा कुठल्या तेलात तळला हे तरी विचारायचंच, कारण सगळ्यांचा उपवास सारखा कडक नसतो.

शेवटी, "खाल्लं आणि काही झालं नाही" हा पुरावा धरू नका. बऱ्याच रुग्णांना लगेच लक्षणं येत नाहीत, आतलं नुकसान मात्र चालू राहतं. पथ्य नीट चाललंय का ते डॉक्टर ठरावीक काळाने प्रतिपिंडं मोजून बघतात. पोटाचा अंदाज हे मोजमापाचं साधन नाही.

तुमच्यासाठी एक विषय

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 23,331 प्रौढांवर केलेल्या भारतीय अभ्यासात सीलिॲकची प्रतिपिंडं उत्तर भारतात 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के लोकांत आढळली. जनुकांचं प्रमाण तिन्हीकडे फारसं वेगळं नव्हतं. गव्हाचं खाणं मात्र उत्तरेत सगळ्यात जास्त होतं. पश्चिम भारत या तीन गटांत नव्हता. आणि खानदेश तर भाकरी आणि पोळीच्या बरोबर मधोमध बसलाय.

इतका मोठा अभ्यास एका पीएच.डी.त होत नाही. पण गिरणीचा होतो. प्रश्न असा: गव्हानंतर ज्वारी दळली तर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या किलोत ग्लुटेन किती, आणि किती किलोनंतर ते 20 पीपीएमच्या खाली येतं? तुलनेसाठी फक्त ज्वारी दळणारी घरघंटी आणि हाताने निवडलेली अख्खी ज्वारी. मोजायला आर-5 प्रतिपिंडावर आधारित एलायझा. प्रत्येक टप्प्यावर एकापेक्षा जास्त नमुने, कारण ग्लुटेन सारखं पसरत नाही. नमुन्यांना सांकेतिक क्रमांक, म्हणजे मोजणाऱ्याला कुठला किलो ते कळणार नाही. गिरणीवाल्याची संमती, आणि अहवालात त्याचं नाव नाही.

उत्तर 'पहिले तीन किलो बाजूला काढा' असं आलं, तर तो सल्ला उद्यापासून कुठल्याही घरात वापरता येईल, फुकट. उत्तर 'दहा किलोनंतरही खाली येत नाही' असं आलं, तर घरघंटीचा खर्च का करायचा हे पुराव्याने सांगता येईल. दोन्ही उत्तरं उपयोगी पडतील असा प्रश्न मिळाला, की विषय निवडायचं अर्धं काम झालं असं समजा.

सिनॉप्सिस लिहायला बसलात तर पहिल्या पानावर वरचा 50 ग्रॅमचा हिशोब स्वतः करून बघा. मात्र 50 च्या जागी तुमच्या गल्लीतल्या गिरणीतून ब्रशने झाडून, तराजूवर तोलून आलेला आकडा घाला.